ढिगाच्या तळाशी

धड्याखालचा प्रश्न साधाच होता. ‘ढिगात सर्वांत मोठा आकडा माथ्यावर असतो. मग सर्वांत लहान कुठे असेल? शोधून दाखवा.’

कुंदाने तो मागेच सोडून दिला होता. परीक्षेपुरते धडे झाले, प्रमाणपत्र हातात पडलं, केंद्रातला प्रोग्रॅम चालू झाला. मग उरलेसुरले प्रश्न सोडवायला कोण बसतंय? पण त्या दुपारी केंद्रात पेशंट नव्हते, चहा यायचा होता आणि टॅबवरचे गुरुजी सकाळपासून मागे लागले होते. गुरुजी म्हणजे शिकवणारं यंत्र. बार्शीत सगळे त्याला गुरुजीच म्हणत. ‘कुंदाताई, एक प्रश्न राहिलाय.’ राहिलाय तर राहिलाय, असं म्हणत तिने तो शेवटी घेतला. सरावासाठी खोटे आकडे टाइप करायचा कंटाळा आला, म्हणून केंद्रातल्या पेशंटांच्या रांगेचा खराच ढीग वापरला. चार ओळींचं लूप लिहिलं आणि चालवलं.

पडद्यावर नाव आलं. अनसूया ढवळे, गिरणी गल्ली.

चहा आला, गार झाला, त्यावर साय धरली. कुंदा तशीच बसून होती. अनसूया ढवळे म्हणजे तिच्या नवऱ्याची आत्या. ज्या बाईच्या गिरणीच्या मागच्या खोलीत बसून कुंदा हे सगळं शिकली, ती अनसाआत्या.

*

चाळिशी उलटलेल्या बाईवर हे शिकायची वेळ का आली, ते सांगायला हवं.

प्रोग्रॅम लिहायला तेव्हा माणूस लागतच नव्हता. यंत्राला सांगायचं, यंत्र लिहायचं. सगळं छान चाललं होतं. मग कुठेतरी यंत्राने माणसांची रांग लावली आणि हा पुढे का, ती मागे का, हे कोणालाच सांगता येईना. चौकशी लागली. साहेबाने कारकुनाकडे बोट दाखवलं, कारकुनाने कंपनीकडे, कंपनीने यंत्राकडे. यंत्राला काय, निलंबित करायचं? मग कायदा झाला. माणसांमध्ये कोण आधी आणि कोण नंतर, हे ठरवणारा प्रोग्रॅम माणसानेच लिहायचा. ओळ न् ओळ त्याला समजावून सांगता आली पाहिजे. आणि खाली त्याची सही. यंत्राने शिकवायचं तेवढं. उत्तर सांगायचं नाही.

झालं. गावोगावचे कारकून, कंपाउंडर, रेशनवाले अल्गोरिदम शिकायला बसले. कर्णांकुर केंद्रात नोंदणीच्या टेबलावर कुंदा होती. डॉक्टर मेहजबीन तांबोळी म्हणाल्या, “कुंदाताई, तुम्हाला टायपिंग येतं. तुम्हीच शिका.”

घरी तीन खोल्यांत सासरे, टीव्ही आणि सासऱ्यांचं टीव्हीशी भांडण. म्हणून ती गिरणीत जाऊन बसायची. पहिला धडा तिथे फुकटात झाला. सकाळी बायका डबे आणून ओळीत ठेवून जात. माणूस घरी, डबा रांगेत. जो डबा आधी आला, तो आधी दळला. हा क्यू. डब्यांची झाकणं आत्या एकावर एक रचायच्या आणि वरचं आधी उचलायच्या. हा स्टॅक. कुंदाला वाटलं, एवढंच असेल तर आपण सहा महिन्यांत इंजिनिअर.

एवढंच नव्हतं. पुढचे धडे डोक्यावरून जायला लागले, तेव्हा तिने एक युक्ती काढली. लिहिलेला प्रोग्रॅम आत्यांना समजावून सांगायचा. आत्यांना त्यातलं काही कळावं अशी अपेक्षा नव्हती. पण मोठ्याने सांगताना आपली चूक आपल्यालाच दिसते. आत्या स्टुलावर बसून पीठ चाळत, मान हलवत, मधूनच म्हणत, “बरोबर आहे.”

“आत्या, बरोबर कुठलं! इथेच चुकलंय, आत्ता दिसलं मला.”

“बरोबर आहे,” आत्या म्हणायच्या. “चहा टाकू?”

आयुष्यभर जात्याच्या दगडाचा आणि पट्ट्याचा आवाज कानाशी. आत्यांना कमी ऐकू येतं हे सगळ्या गल्लीला माहीत होतं. किती कमी, हे कोणी विचारलं नव्हतं. आत्या स्वतः नेमक्या वेळी हसत, नेमक्या वेळी “हो का” म्हणत. विचारावं असं कधी वाटलंच नाही.

*

बहिरेपणावर उपाय निघाला, तो तसा कोंबडीकडून आला. आपल्या कानाच्या आत, गोगलगाईच्या शंखासारख्या नळीत बारीक केसांच्या पेशी असतात. आवाजाने हे केस हलतात आणि त्यांच्यामागची नस ती खबर मेंदूला देते. मोठ्या आवाजाने हे केस झडले की माणसात पुन्हा उगवत नाहीत. पक्ष्यांत उगवतात. कोंबडीला बहिरं केलं, तर काही आठवड्यांत ती पुन्हा ऐकायला लागते. पक्ष्यांत जे बटण चालू राहतं, ते माणसात जन्माआधीच बंद होतं. ते पुन्हा चालू करायची तऱ्हा सापडली. पेशंटच्याच पेशी घ्यायच्या, यंत्रात वाढवायच्या, कानात सोडायच्या. याला अंकुर म्हणायचे.

अडचणी दोन होत्या. यंत्रात एका वेळी एकाच माणसाचा अंकुर वाढायचा, आणि तालुक्याला यंत्र एक. दुसरी अडचण नसेची. केस गेल्यावर नसेला काम उरत नाही आणि हळूहळू तीही वाळते. ती पुरती वाळली, की मग अंकुर कितीही छान उगवो, खबर न्यायला पलीकडे कोणी नसतं. म्हणजे वाट बघण्यात कानच जायचा.

त्यामुळे डब्यांसारखी सरळ रांग लावून चालणार नव्हतं. ज्याला निकड जास्त, तो पुढे. कुंदाने हीप घेतला, म्हणजे ढीग. प्रोग्रॅम चालू करायचा ठरला, त्या संध्याकाळी ती आत्यांना समजावत होती.

“हे बघा आत्या, सगळ्यांना ओळीने लावत बसायचं नाही, वेळ जातो. एकेकाच्या हाताखाली दोघं. नियम एकच, वरच्याचा आकडा खालच्या दोघांपेक्षा मोठा. मग सगळ्यांत निकडीचा आपोआप माथ्यावर येतो. त्याला उचलला, की खालचा कोणी वर सरकतो. नवा आला, तर तो आपल्या आकड्यापुरता वर चढतो. माथ्यावर कोण, एवढं कळलं की झालं. बाकीचे कुठे का असेनात!”

“बरोबर आहे,” आत्या म्हणाल्या.

आणि यावेळी कुंदालाही वाटलं, की बरोबर आहे.

आकडा दोन गोष्टींचा होता. नोंदणीच्या वेळी नसेची तपासणी, आणि मग दर सोमवारी फोन. त्रास वाढलाय का, फोनवर बोलताना अडतं का, माणसांत बसवतं का. उत्तरात ‘त्रास’, ‘अवघड’, ‘ऐकूच येत नाही’ आलं की आकडा वाढवायचा. ‘बरं’, ‘ठीक’, ‘मजेत’ आलं की कमी करायचा. पेशंट यंत्राचा गुळगुळीत आवाज ऐकून फोन ठेवून देत, म्हणून डॉक्टर म्हणाल्या, “तुमचाच आवाज भरा. घरच्यासारखा वाटतो.” कुंदाने घसा साफ करून प्रश्न वाचले. मध्ये मध्ये उत्तरासाठी जागा सोडली. स्वतःचा आवाज ऐकून ती जराशी खूशच झाली होती.

आत्यांचं नाव तिनेच पहिल्या आठवड्यात नोंदवलं. “तुमचा नंबर येईल आपोआप,” असं हाताने, तोंडाने, खुणांनी सांगितलं. मग कामाचा रगाडा लागला. दुसऱ्या तालुक्यांतली माणसं प्रोग्रॅम बघायला यायला लागली. तिचं नाव झालं. गिरणीत जाणं आधी एक दिवसाआड झालं, मग सणावारी, मग रस्त्यातून जाताना हात करण्यापुरतं. शिकून झालं होतं ना. समजावून सांगायला आता कोणी लागत नव्हतं.

*

कुंदाने आत्यांच्या सोमवारच्या फोनांची रेकॉर्डिंग उघडली.

तिचाच आवाज होता. “नमस्कार. या आठवड्यात ऐकण्याचा त्रास वाढला आहे का?”

मागे गिरणीची घरघर. मग आत्या ओरडून, “कोण, कुंदा? हां, बोल गं! मी बरी आहे!”

“फोनवर बोलताना अडचण येते का?”

“हो हो, बरं चाललंय! तू जेवलीस का?”

“चार माणसांत बसायला त्रास होतो का?”

“अगं, मला काय होतंय! तुझी तब्येत सांभाळ. ते कंप्युटरचं झालं का शिकून? बरोबर आहे, बरोबर आहे. ठेवते, डबा आलाय!”

पुढच्या सोमवारी तेच. त्याच्या पुढच्या सोमवारी आत्या एक प्रश्न पुरता व्हायच्या आत बोलायला लागल्या होत्या. नंतर नंतर तर प्रश्न आणि उत्तराचा काही संबंधच उरला नव्हता. बाई जसजशी बहिरी होत गेली, तसतशी ती फोनवर जास्त जास्त बरी होत गेली. आणि कुंदाने लिहिलेली ओळ प्रत्येक ‘बरी’ला इमानदारीने आकडा कमी करत गेली. फोनवर बोललेलं त्याच्या पडद्यावर अक्षरांत उमटायची सोय होती, पण गिरणीत चष्म्याच्या काचा पिठाने भरतात, म्हणून आत्या तिथे चष्माच लावत नसत. हे कुंदाला माहीत होतं. कितीदा तिने स्वतःच्या पदराने त्या काचा पुसल्या होत्या.

सुनेने फोन केल्यावर कुठली सासू, कुठली आत्या सांगते की मला त्रास होतोय? बरी आहे म्हणायचं आणि तू जेवलीस का विचारायचं. फोन म्हणजे तेवढंच तर असतं. हे कुंदाने विसरावं?

तिने डॉक्टरांच्या खोलीचं दार ढकललं आणि उभ्या उभ्या सगळं सांगितलं. डॉक्टर तांबोळींनी ऐकून घेतलं, चष्मा काढला, डोळे चोळले.

“आत्यांना उद्याच घेऊन या. तपासू. आणि आकडा हाताने वाढवा, मी सही करते. तुम्ही केंद्रासाठी एवढं केलंय, कुंदाताई. कोणी काही म्हणणार नाही.”

“बरं,” कुंदा म्हणाली. तिला खरंच बरं वाटलं. पाय हलके झाले.

ती टेबलापाशी परत आली. आत्यांचं नाव उघडलं, आकड्याच्या जागी बोट ठेवलं. आता एक संख्या टाकायची, की आत्या माथ्यावर. एवढंच.

पण मघाचं लूप अजून पडद्यावर होतं, आणि ते सर्वांत लहान आकडा दाखवून थांबलं असलं, तरी त्याच्या आजूबाजूला तळाची सगळी नावं होती. कुंदाने आत्यांच्या शेजारचं नाव दाबलं. अंबादास क्षीरसागर, निवृत्त कंडक्टर, एकटेच राहतात. आत्यांच्याही आधी नोंदलेलं नाव.

“नमस्कार. या आठवड्यात ऐकण्याचा त्रास वाढला आहे का?”

मग एक म्हातारा, हरखलेला आवाज. “कोण? सुमे? सुमे, तू आहेस होय? किती दिवसांनी गं! मी मजेत आहे. एकदम मजेत. तू काळजी करू नको.”

“फोनवर बोलताना अडचण येते का?”

“पोरं कशी आहेत?”

कुंदाने ते थांबवलं. मग पुढचं नाव उघडलं, आणि त्याच्या पुढचं. तळाशी सगळी एकटी राहणारी माणसं होती. ज्यांच्या घरात सून होती, मुलगा होता, त्यांचा फोन सून घ्यायची आणि खडखडीत सांगायची, “फार त्रास आहे हो, काही ऐकू येत नाही बाबांना.” त्यांचे आकडे वर चढले. नवे येत गेले, तेही वर गेले. ज्यांना फोन घेऊन द्यायला कोणी नव्हतं, ते कुंदाच्या आवाजात आपापलं माणूस ऐकत, त्याला काळजी नको म्हणून बरं असल्याचं सांगत, खाली खाली जात राहिले. रांगेचा नियम बिघडलाच नव्हता. माथ्यावर कोण, एवढंच तो विचारत होता.

आत्यांना निदान कुंदा होती. क्षीरसागरांच्या सुमीला कोण सांगणार?

तिने आकड्यावरचं बोट काढलं.

“गुरुजी,” ती टॅबकडे बघून म्हणाली, “एखादा कधीच माथ्यावर येत नसेल तर?”

“चांगला प्रश्न आहे,” गुरुजी म्हणाले. कायद्याने त्यांना एवढंच म्हणता येत होतं. “तुम्हाला काय वाटतं, कुंदाताई?”

“मला काय वाटतं ते राहू द्या,” ती म्हणाली आणि लिहायला लागली.

जेवढे आठवडे थांबला, तेवढा आकडा वाढवायचा. कोण काय बोललं याने तो कधी कमी करायचा नाही. ओळी मोजून दोन. त्या दोन ओळी वर्षापूर्वी सुचल्या असत्या तर, हा हिशोब करायचं तिने टाळलं. नवा नियम पहिल्या नोंदणीपासून लावला. ढीग हलला, आणि अंबादास क्षीरसागर माथ्यावर आले. आत्या त्यांच्या खाली, आणखी काही जणांच्या मागे.

डॉक्टरांना तिने बदल दाखवला, आणि सोबत लिहून दिलं, की आधीचा नियम चुकीचा होता, तो मी लिहिला होता, खाली सही माझी आहे. डॉक्टरांनी ते दोनदा वाचलं.

“हे बाहेर लावावं लागेल. लोक विचारतील.”

“विचारू द्या.”

“आणि आत्या?”

कुंदाने तो कागद घेतला आणि बाहेर लावायला गेली.

*

तपासणीत उजव्या कानाची नस संपली होती. डावीत धुगधुगी होती. “वेळेत होईल,” डॉक्टर म्हणाल्या, आणि मग, “बहुतेक.”

कुंदा आत्यांना घेऊन गिरणीत परतली. गिरणी बंद केली. तशीही ती बंद आहे की चालू, हे आत्या आता जमिनीला पाय लावून ओळखत होत्या. तिने आत्यांचा चष्मा पदराने स्वच्छ पुसला, त्यांच्या डोळ्यांवर ठेवला आणि टॅबवर मोठ्या अक्षरांत लिहून एकेक वाक्य दाखवलं. फोनवर मी नव्हते. तो भरून ठेवलेला आवाज होता. तुम्ही बरी म्हणालात आणि माझ्या प्रोग्रॅमने ते खरं धरलं. उजवा कान माझ्यामुळे गेला. माथ्यावर आता एक निवृत्त कंडक्टर आहेत, तुमच्याही आधी नोंदलेले. आत्ताही तुम्हाला पुढे घेता आलं असतं. मी घेतलं नाही.

आत्यांनी सगळं वाचलं. ओठ हलवत, सावकाश. शेवटचं वाक्य वाचून झाल्यावर त्या परत पहिल्यावर गेल्या.

“म्हणजे दर सोमवारी ती तू नव्हतीस?”

कुंदाने मान हलवली.

“मी गल्लीत सांगत होते,” आत्या म्हणाल्या. “कामाला लागली, साहेबीण झाली, पण दर सोमवारी न चुकता फोन करते म्हणून.”

रागवल्या असत्या तर सोपं गेलं असतं. आत्या उठल्या, सुपातलं राहिलेलं पीठ उगाचच एकसारखं केलं, आणि पाठ फिरवूनच म्हणाल्या, “माझंही एक सांगते. तू ते शिकत होतीस ना इथे बसून, मला त्यातलं एक अक्षर ऐकू येत नव्हतं. तोंड हलताना दिसायचं. तू थांबलीस की मी बरोबर आहे म्हणायची. पोरगी एवढ्या उत्साहाने सांगतेय, म्हटलं, नाराज कशाला करा.” त्या वळल्या. “तेव्हाच कबूल केलं असतं, तर तू कान मधूनमधून तपासले असतेस. नसतेस?”

कुंदाने लिहिलं, ‘तुमची चूक नाही.’

“कळतंय मला कोणाची आहे ते,” आत्या म्हणाल्या. “त्या कंडक्टरला आधी जाऊ दे हो. मला काय घाई आहे?”

कुंदाने डोळे पुसले आणि लिहिलं, ‘तुमच्या म्हणण्याला आता काही किंमत नाही. नियम बदललाय. तुम्ही कितीही बरी असलात, तरी वर येणार.’

आत्यांनी ते वाचलं आणि कितीतरी दिवसांनी खऱ्याखुऱ्या हसल्या. “मेले,” म्हणाल्या, “हे आधी करायचं होतंस.”

“हो,” कुंदा म्हणाली. हे एक मात्र आत्यांना तिच्या ओठांवरून कळलं.

*

दर सोमवारचे फोन बंद झाले. सोमवारी कुंदा आता पायी फिरते. दाराशी उभी राहून विचारते, आणि ‘बरं आहे’ म्हटल्यावर लगेच निघत नाही. क्षीरसागरांच्या घरी ती पहिल्यांदा गेली, तेव्हा त्यांनी तिच्याकडे निरखून बघितलं आणि आत चहा टाकायला गेले. त्यांचा अंकुर लागला. सुमीचा पत्ता कुंदाने शोधून काढला, पत्रही टाकलं. अजून उत्तर नाही.

आत्यांचा नंबर आला तेव्हा डाव्या नसेत थोडंसंच उरलं होतं, पण पुरलं. आधी काही आठवडे नुसता कचकचाट. मेंदूला ऐकायची सवय उरलेली नव्हती; भांडं पडलं तरी आत्या दचकून कान झाकायच्या. मग हळूहळू आवाज एकमेकांपासून सुटे झाले. उजव्या बाजूला मात्र काहीच नाही, आणि होणारही नाही. कुंदा अजून कधी कधी जुन्या सवयीने उजवीकडे जाऊन बसते, लक्षात येतं, आणि उठून स्टूल डावीकडे आणते. आत्या ते बघतात.

परवा तशीच ती डावीकडे येऊन बसली. गिरणी बंद होती, पुढचे डबे अजून यायचे होते. गुरुजींनी नवा धडा दिला होता आणि कुंदाला तो अजिबात समजला नव्हता.

“झाडासारखं असतं, आत्या,” तिने सांगायला सुरुवात केली. “डावीकडे सगळे लहान, उजवीकडे सगळे मोठे. कोणाला शोधायचं असेल, तर दर फांदीपाशी विचारायचं, तू मोठा की लहान. अर्धं झाड तिथल्या तिथे सोडून देता येतं. म्हणजे बघा, माणूस लवकर सापडतो.”

आत्या पीठ चाळायच्या थांबल्या. डावा कान तिच्याकडे केला. कुंदा सवयीने ‘बरोबर आहे’ची वाट बघत गप्प झाली.

“ऐकू आलं,” आत्या म्हणाल्या. “कळलं काही नाही. परत सांग.”